एका माणसाचे घर

बँकेच्या नोकरीत बदली हा सेवाशर्तींचाच एक भाग असतो. पदोन्नतीचे पत्र हाती पडते, शाखेत पेढे वाटले जातात, निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते आणि आठवडाभरात आपण एखाद्या अनोळखी शहरातील रिकाम्या सदनिकेत बॅगा उघडीत बसलेले असतो. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, वृद्ध आईवडील अशा कारणांनी कुटुंब बहुधा मागेच राहते. प्रस्तुत लेखक अविवाहित असल्याने त्याच्यामागे राहिली ती कराडची आई. २०२२ च्या जून महिन्यात नोएडा येथे रुजू झाल्यावर एका माणसाचे घर कसे चालवावे, हे त्याला प्रथमच शिकावे लागले. त्या शिक्षणाचा हा गोषवारा आहे.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या परिसरात एकटी राहणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. जुन्या राजेंद्रनगरात व मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आहेत, संगणक क्षेत्रातील तरुण आहेत, आणि मुले परदेशी गेल्याने एकटे उरलेले ज्येष्ठ ग्राहकही आहेत. पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवन, जागोजागचे गणेशोत्सव यांमुळे आपली माणसे अधूनमधून भेटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तीन दिवस कानांवर मराठीच पडत होती. परंतु उत्सव संपतो, माणूस मेट्रोने परततो आणि खिशातील किल्लीने स्वतःच्याच घराचे कुलूप उघडतो. खरा प्रश्न त्या कुलपाच्या आतल्या संध्याकाळचा आहे.

दोन खोट्या नोंदी

पहिले चार-पाच महिने ते घर म्हणजे सामान ठेवण्याची जागा होती. पुठ्ठ्याची खोकी तशीच पडून होती. रात्रीचे जेवण म्हणजे कधी बिस्किटे, कधी कोपऱ्यावरचे छोले-कुलचे. रात्री नऊ वाजता आईचा दूरध्वनी येई. "जेवलास का?" या प्रश्नाला "हो, जेवलो. तू जेवलीस का?" असे प्रत्युत्तर ठरलेले असे. तिचेही उत्तर ठरलेलेच असे, "हो, केव्हाच."

त्या वर्षीच्या दिवाळीत कराडला गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी बाजूला घेऊन सांगितले, "अरे, तू गेल्यापासून संध्याकाळी ती गॅस पेटवतच नाही. सकाळचा भात असला तर दुधात कालवून खाते, नाहीतर चहा घेऊन झोपते." आईला विचारले, तर ती म्हणाली, "एकटीसाठी कोण एवढा घाट घालणार?" नेमके हेच उत्तर माझेही होते. दोन खतावण्यांत दोन खोट्या नोंदी होत होत्या आणि रोज रात्री नऊ वाजता ताळा मात्र बिनचूक जुळत होता!

एक गोष्ट त्या दिवशी उमगली. घरात चार माणसे असली की दिवेलागण, स्वयंपाक, अंथरूण-पांघरूण ही कामे आपोआप होतात, कारण प्रत्येकजण ती दुसऱ्यासाठी करीत असतो. एकट्याच्या घरात तो दुसरा नसतो. म्हणून तेथे ही कामे ठरवूनच करावी लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर स्वतःच्या नावे एक स्थायी सूचना नोंदवून ठेवावी लागते.

एकांत आणि एकाकीपणा

एकटे राहणे हा काही आजार नव्हे. एकांत माणूस आवडीने निवडतो, त्यात तो वाचतो, गातो, विचार करतो. एकाकीपणा मात्र माणसावर येऊन पडतो आणि तो भरल्या घरातही येऊ शकतो. या प्रश्नाची दखल आता शासन पातळीवर घेतली जाते. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या विषयाची जबाबदारी एकेका मंत्र्याकडे सोपविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा जाणवतो.

घरातील लहानसहान सुखे हा त्यावरचा संपूर्ण उपाय आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. माणसाला माणूस लागतोच. परंतु स्वतःचे घर नीट राखणारा माणूस शेजाऱ्याला चहाला बोलावण्यास कचरत नाही, हा अनुभव आहे.

एका ताटाचा स्वयंपाक

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा ही घरगुती मापे वापरल्याने नवशिक्यालाही ते आधाराचे वाटते. अडचण एवढीच, की पाककृती साधारणतः कुटुंबासाठी असतात आणि एकट्याला त्यांचा भागाकार करावा लागतो. एकट्यासाठी मूगडाळीची खिचडी करावयाची तर अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ आणि सुमारे अडीच वाट्या पाणी पुरते. जिरे-हिंगाची फोडणी देऊन कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कार्यालयाचे कपडे बदलून होतात.

उत्तरेतील थंडीची काही गणिते मात्र नव्याने शिकावी लागतात. कराडला रात्री फडक्यात बांधलेल्या भिजल्या मटकीला सकाळी मोड दिसत. नोएडात जानेवारीमध्ये त्याच मटकीला दोन दिवस लागतात, कारण बीज रुजण्यास ऊब हवी असते. दह्याचेही तसेच. विरजण कोमट दुधातच लावावे आणि भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवावे, नाहीतर सकाळी पातेल्यात दूधच दिसते.

येथील हिवाळी बाजार मात्र ही कसर भरून काढतो. सोम बाजार, बुध बाजार अशा वारांच्या नावांनी वस्तीवस्तीत आठवडी बाजार भरतात. लाल गाजरे, कोवळे मटार, मेथी यांचे ढीग असतात. त्यांतच 'बथुआ' नावाची एक पालेभाजी दिसे. हे काहीतरी पंजाबी प्रकरण असेल, असे समजून मी ती टाळीत असे. एके दिवशी पाने निरखून पाहिली आणि ओळख पटली, ही तर आपली चाकवत! त्या रात्री ताकातली चाकवताची भाजी आणि गरम भात जेवलो. आईला ही बातमी पदोन्नतीहून अधिक आवडली.

सुई-दोऱ्याची संगत

हाताला काम असले की मन सैरभैर होत नाही. कोणी विणकाम करतो, कोणी कुंड्यांत पुदिना लावतो. माझ्या वाट्याला गोधडी आली. त्या दिवाळीत आईने ट्रंकेतून आजीची एक इरकली नऊवारी आणि स्वतःची दोन सुती पातळे काढून दिली. ती म्हणाली, "तिकडे थंडी फार. शिवून घे. मीही इथे एक घालायला घेते."

पुरुषाने गोधडी शिवावी याचे हसू येईल, हे गृहीत धरले होते. परंतु बँकेत आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे, कारण ते सारे मोजमापाचे आहे. नऊवारी म्हणजे २७ फूट कापड, पन्हा साधारण ४ फूट. एका माणसाच्या गोधडीची लांबी ६ फूट धरली, तर एका नऊवारीचे चार थर निघतात आणि विरलेला भाग काढून टाकण्यास थोडे कापड उरते. वर-खाली पातळाचे एकेक धड कापड घालावे, म्हणजे सहा थर होतात. याहून अधिक थरांतून सुई ओढणे नवशिक्याच्या बोटांना झेपत नाही.

कापड आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावे. जमिनीवर एकावर एक थर सुरकुती न राहता पसरावेत आणि चारी कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. मग मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे थर सरकत नाहीत. कडा आत दुमडून शिवाव्यात आणि नंतर जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालीत एकेक ओळ पुरी करावी. बोटात अंगुस्तान घालण्यास विसरू नये. ही सूचना रक्त सांडून मिळवलेली आहे.

ओळींमध्ये एक इंचाचे अंतर ठेवले, तर ४ फुटांच्या रुंदीत सुमारे ४८ ओळी होतात. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणजे एकूण २८८ फूट शिवण. एका इंचात तीन टाके धरल्यास दहा हजारांहून अधिक टाके भरतात. हा आकडा एकदम पाहिला तर धीर खचतो. परंतु रोज रात्री जेवणानंतर एकच ओळ घातली, तर अर्धा-पाऊण तास लागतो आणि ४८ दिवसांत गोधडी पुरी होते. आवर्ती ठेवीचे तत्त्व ग्राहकांना समजावून सांगताना ते मला स्वतःला इतके कधीच पटले नव्हते.

गोधडी उबदार का असते, याचे उत्तर कापडापेक्षा हवेत आहे. थराथरांमध्ये स्थिर हवा अडकून राहते, ती उष्णतेची मंद वाहक असल्याने अंगाची ऊब बाहेर जात नाही. टाक्यांमुळे थर जागच्या जागी राहतात. जुने कापड अनेक धुण्यांनी मऊ झालेले असते, म्हणून ते अंगाला लागत नाही. हीच युक्ती देशभर वापरात आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानातील रल्ली ही सारी गोधडीचीच भावंडे. दिल्लीत ती पाहण्याची सोयही आहे. भैरव मार्गावरील राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय, १९९४ साली सुरू झालेले आयएनए येथील दिल्ली हाट आणि १९८७ पासून फरिदाबादजवळ भरणारा सूरजकुंड मेळा ही ठिकाणे एकट्या माणसाचा रविवार सत्कारणी लावतात. कारागिराशी टाक्याविषयी दोन शब्द बोलले, की तो वस्तू बाजूला ठेवून शिकवू लागतो.

८ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत सफदरजंग येथे किमान तापमान १.९ अंशांवर उतरले. माझ्या गोधडीच्या तेव्हा नऊ ओळी बाकी होत्या. सुई काढून ठेवली आणि अपुरी गोधडीच अंगावर घेतली. खरे सांगायचे, तर त्या थंडीत वरून रजाईही घ्यावी लागली. परंतु अंगालगत आजीची इरकली होती.

देहाची देखभाल

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान व तळपाय यांना तेल लावावे, असे त्यात सांगितले आहे. आपल्या घरांतून काशाच्या वाटीने तळपायाला तेल चोळण्याची रीत आहे. त्यास दहा मिनिटे पुरतात. उभे राहून काम करणाऱ्या रोखपालांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

या परिसरात हिवाळ्याच्या तोंडाशी हवा फार बिघडते. २०१५ पासून रोजचा हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर होतो. तो ४०० च्या वर गेला, की हवा 'गंभीर' श्रेणीत मोडते. अशा दिवशी पहाटेचे फिरणे टाळावे, झाडूने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि खोकला रेंगाळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. एकटे राहणाऱ्याने 'बघू उद्या' म्हणू नये, कारण त्याला डॉक्टरकडे ढकलणारे घरात कोणी नसते.

काही व्यावहारिक सूचना

घराची एक जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. नातेवाइकांचे क्रमांक व औषधांची नावे फ्रिजवर चिकटवून ठेवावीत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. मन सतत खिन्न राहत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःसंकोच बोलावे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. आपल्या खात्यांवरील नामनिर्देशन तपासून पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. एकट्या माणसाची कागदपत्रे नीट असणे, हीदेखील त्याच्या माणसांवरची मायाच होय.

वेळ नाही, ही सबब आपणा बँक कर्मचाऱ्यांना तरी फारशी शोभत नाही. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार आपल्या हाती आहे. त्यांपैकी एक शनिवार घराला द्यावा. एक खोके उघडावे, एक पडदा शिवावा, एखादा पदार्थ शिकावा. महिन्याला एक म्हटले, तरी वर्षाला बारा होतात.

कराडची गोधडी माझ्याआधी पुरी झाली. आईचा हात सराईत, त्यास इलाज नाही. आजही रात्री नऊ वाजता तिचा दूरध्वनी येतो. "जेवलास का?" असे आता ती विचारीत नाही. "काय केलंस आज?" असे विचारते, आणि मीही तिला तेच विचारतो. या प्रश्नाला नुसते "हो" म्हणून भागत नाही.