मीठ कोठे गेले? : तंजावरच्या परिसरातून मिश्रणे व द्रावणे यांचा परिचय

साखर पाण्यात टाकून ढवळली की ती दिसेनाशी होते. तिचे काय झाले, असे विचारल्यास अनेक मुले ‘ती नाहीशी झाली’ किंवा ‘तिचे पाणी झाले’ असे सांगतात. पुढे ‘दोन किंवा अधिक पदार्थांच्या समांगी मिश्रणास द्रावण म्हणतात’ ही व्याख्या पाठ होते. मूळ समजूत मात्र तशीच राहते. त्यामुळे या विषयाचे अध्यापन व्याख्येपासून नव्हे, तर या समजुतीपासून सुरू व्हावयास हवे. त्यासाठी लागणारी उदाहरणे परिसरातच असतात. तमिळनाडूतील तंजावर व कावेरीचा त्रिभुज प्रदेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

सरफोजीराजांचा वारसा

तंजावरचे मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापन केले. या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी मुद्रणालय उभारले आणि नव्या विद्यांच्या शिक्षणास आश्रय दिला. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे तयार केली जात. देशी औषधांचे परिचित प्रकार पाहिले, तर मिश्रणांचे वर्गीकरणच समोर येते. चूर्ण हे घन पदार्थांचे मिश्रण असते. काढ्यात वनस्पतींतील पाण्यात विरघळणारे घटक उतरतात व चोथा गाळून वेगळा करता येतो. जे घटक पाण्यात विरघळत नाहीत, त्यांपैकी काही तेलात उतरतात. कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, खोबरेल तेलात मात्र विरघळतो. कोणता पदार्थ कशात विरघळेल, हे द्राव्य आणि द्रावक या दोहोंच्या स्वरूपावर अवलंबून असते.

वितळणे आणि विरघळणे

मराठी बोलण्यात ‘बर्फ विरघळला’ असे सहज म्हटले जाते. शास्त्रीय भाषेत बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. वितळण्यासाठी उष्णता पुरेशी असते, विरघळण्यासाठी दुसरा पदार्थ, म्हणजे द्रावक, लागतो. तमिळ भाषेतही ‘उरुगु’ व ‘करै’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. घरी मराठी आणि शाळेत तमिळ बोलणाऱ्या तंजावरच्या मुलांना हा फरक दोन्ही भाषांतून समजावता येतो.

पदार्थ नाहीसा होत नाही, हे दाखविण्यासाठी साधा तराजू पुरेसा आहे. 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम साखर विरघळविल्यास द्रावणाचे वस्तुमान 110 ग्रॅम भरते. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरलेले असतात. ते दिसत नाहीत, पण चव त्यांची साक्ष देते. गढूळ पाण्यातील मातीचे कण मात्र काही वेळाने तळाशी बसतात. हे निलंबन होय. दूध या दोहोंच्या मधले, म्हणजे कलिल आहे.

विरघळण्यालाही मर्यादा असते. ठरावीक तापमानास 100 ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त जितका पदार्थ विरघळतो, तितकी त्याची विद्राव्यता मानली जाते. 20 अंश सेल्सिअस तापमानास मिठाची विद्राव्यता सुमारे 36 ग्रॅम, तर साखरेची सुमारे 200 ग्रॅम असते. ही मर्यादा गाठलेल्या द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. पाणी तापविल्यास साखरेची विद्राव्यता खूप वाढते, मिठाची मात्र अगदी थोडी. म्हणूनच मीठ मिळविण्यासाठी द्रावण केवळ थंड करून भागत नाही, पाणी आटवावे लागते.

मिठागर : उघड्यावरची प्रयोगशाळा

हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असल्यास वेदारण्यम गाठावे. पूर्वी तंजावर जिल्ह्यात असलेले हे गाव 1991 पासून नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. 1930 च्या एप्रिल महिन्यात चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिरुचिरापल्लीहून येथवर पदयात्रा काढून मिठाचा कायदा मोडला. त्या सत्याग्रहाचा आधार निसर्गाचा एक साधा नियम होता : समुद्राचे पाणी आटले की मीठ उरते, मग त्यावर कर कोणाचा?

एक किलो समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत मिठाचा वाटा सर्वाधिक. पाणी आटू लागले की ज्या क्षाराचे द्रावण आधी संपृक्त होते, तो आधी बाहेर पडतो. म्हणून प्रथम जिप्सम आणि त्यानंतर मिठाचे स्फटिक जमतात. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते पाणी वेळीच काढून टाकले नाही, तर मीठ कडवट होते आणि दमट हवेत ओलसर राहते.

दिसत नाही, तरी असते

26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटा नागपट्टिणमच्या शेतांत शिरल्या. पाणी ओसरले, क्षार जमिनीत राहिले. मुळांभोवतीचे पाणी खारट झाले की पिकांना ते शोषून घेणे कठीण जाते. अशा जमिनीवर उपायही विद्राव्यतेचाच असतो : बांध घालून पावसाचे गोडे पाणी शेतात साठवावयाचे, त्यात क्षार विरघळू द्यावयाचे आणि निचऱ्यावाटे ते बाहेर काढावयाचे.

पिण्याच्या पाण्याबाबतही हेच ध्यानात ठेवावयास हवे. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असते. दुसरा स्रोत नसल्यास 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालते. खारे पाणी फडक्याने गाळून गोडे होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ पाण्यातच राहते. त्यासाठी ऊर्ध्वपातन किंवा व्युत्क्रमी परासरण यांसारखी पद्धत लागते.

स्पर्धा परीक्षांत द्रावणाची व्याख्या एका ओळीत लिहिता येते. पण नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही, हे ज्या मुलास उमगले, त्याला ती व्याख्या पाठ करावी लागत नाही. विहिरीचे पाणी खारट का झाले, हा प्रश्न तो स्वतःच विचारू लागतो. विज्ञानशिक्षणाची खरी कसोटी तीच आहे.