तट्टू हिवाळ्यात का बुजते?

रत्नागिरीजवळच्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुट्टीत गर्दी उसळते. लहान मुलांना तट्टावर बसवून वाळूवर एक फेरी मारून आणतात. अशा वेळी एखादी प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडते. तट्टू चटकन बाजूला उडी घेते आणि पाठीवरचे मूल खाली येते. वाळू मऊ म्हणून बरे. डांबरी रस्त्यावर हेच घडले, तर डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. तट्टू बुजले, असे आपण म्हणतो. थंडीच्या दिवसांत घोड्याच्या अंगात वारे शिरते, असा जगभरच्या घोडेवाल्यांचा अनुभव आहे.

पण रत्नागिरीत थंडी ती कितीशी? जानेवारीतल्या पहाटे पारा साधारण १८-१९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या आसपास जातो. घोड्याच्या शरीराला सुमारे ५ ते २५ अंशांचे हवामान सुखाचे असते. म्हणजे कोकणातला हिवाळा त्याला थंड वाटतच नाही. उलट उन्हाळा व पावसाळा हेच त्याला जड जातात. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून अंग निववतो. पण हवाच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळणार कसा? मग तो मलूल होतो, जेवढ्यास तेवढी हालचाल करतो. आपण त्याला गरीब स्वभावाचा समजतो. हवा कोरडी झाली की हा भार उतरतो आणि त्याचा मूळचा तल्लखपणा दिसू लागतो.

त्यात आपण भर घालतो ती चंदीची. थंडीत ताकद हवी म्हणून मालक हरभरा किंवा कुळीथ वाढवतो. (ज्या कुळथाचे पिठले कोकणात घरोघरी होते, त्याला इंग्रजीत घोड्याचाच हरभरा म्हणतात!) चंदीतून ऊर्जा भराभर मिळते. काम न करता दिवसभर खुंट्याला बांधलेल्या तट्टाने ती खर्चावी कुठे? खरोखर कडाक्याची थंडी पडते तिथेदेखील चंदीपेक्षा वाळले गवत वाढवणे शहाणपणाचे असते. गवतातला चोथा मोठ्या आतड्यात जंतूंच्या साहाय्याने आंबतो व त्यातून सावकाश ऊब मिळत राहते.

तरीही, पोट भरलेले तट्टू पिशवीलाच का भिते? घोड्याचे पूर्वज मोकळ्या माळरानावर राहत. तेथे गवत हलले की आधी पळावे, मग पाहावे, हेच हिताचे. त्याची ज्ञानेंद्रियेही त्याच बेताची आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३५० अंशांतले दिसते. पाठीमागचा थोडा भाग व कपाळासमोरची जागा तेवढी सुटते. मात्र दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा पट्टा सुमारे ६५ अंशांचाच, म्हणून बाजूच्या वस्तूचे अंतर त्याला नीट उमगत नाही. हललेले कळते, काय हलले ते कळत नाही.

कानांचेही तसेच. आपल्याला दर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला ३३,००० पर्यंतचे. मात्र आवाज नेमका कोणत्या दिशेने आला, हे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा बराच कच्चा आहे. आता भूगोलात शिकलेले वारे आठवा. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात. ऊन चढले की खारे वारे उलट दिशेने येतात. सकाळी ज्या बाजूने वास व आवाज येत होते, ती बाजू दुपारी बदलते. शिवाय डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. संध्याकाळची शेवटची फेरी म्हणूनच जपून करावी, किंवा करूच नये.

बुजलेल्या तट्टाला चाबूक मारणे हा तर शुद्ध अडाणीपणा. पिशवी दिसली की मार बसतो, एवढेच त्यातून ते शिकते. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करावी, रोज मोकळे सोडावे आणि मुलाला बसवण्याआधी लांब दोरीवर दहा-पंधरा मिनिटे गोल फिरवून घ्यावे. भीतीची वस्तू आधी दूर ठेवावी. तट्टाने मान खाली घातली, ओठ सैल सोडले, की मग थोडे जवळ न्यावे. परतताना तीच वस्तू दुसऱ्या बाजूने दाखवावी. एका डोळ्याने पाहिलेले घोड्याच्या दुसऱ्या डोळ्याला ठाऊक नसते, ही समजूत प्रयोगांनी खोटी ठरवली आहे. पण दुसऱ्या बाजूने वस्तू निराळी दिसते, हे खरेच.

स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यासह ठरावीक अंतर चार वेळा जायचे होते. चौथ्या खेपेला वाटेत एकदम छत्री उघडली जाईल, असे माणसांना सांगितले होते. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबरच्या घोड्यांचेही! घाबरलेल्या मुलाला घाबरलेल्या तट्टावर बसवणे कसे, याचा विचार शिक्षकांनी सहलीच्या वेळी जरूर करावा. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे. दोरी धरणाऱ्याने तट्टाच्या खांद्याशी चालावे आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. तट्टू उधळले, तर माणूस फरफटत जातो.

कधीच न बुजणारे तट्टू एकाएकी बुजू लागले, तर मात्र ऋतूला दोष देऊन थांबू नये. डोळ्यात फूल पडले आहे काय, खोगिराखाली पाठ सोलली आहे काय, दात टोचतात काय, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे आणि तोवर त्याच्या पाठीवर मुलाला बसवू नये.