एचपीव्हीची लस: विषाणूचं एकच जनुक कसं घेतात आणि कसं तपासतात

गटाच्या बैठकीत मुलींच्या एचपीव्ही लसीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सुईतून रोगाचेच जंतू अंगात घालत्यात म्हणे. उद्या पोरीला काही झालं तर?" प्रश्न रास्त आहे. पोर आपली आहे, विचारायलाच हवं. नुसतं "घाबरू नका" म्हणून भागणार नाही, म्हणून ही लस बनते कशी तेच आज आम्ही सांगणार आहोत.

आधी रोगाबद्दल. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या भागाला नवा नाही. आपल्या माढा तालुक्याला लागून असलेल्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या गावांमधून नोंदी होऊ लागल्या. तेव्हा बायकांमध्ये सगळ्यात जास्त हाच कॅन्सर दिसला. तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होते आणि बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातोही. त्यामुळे यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. काहींच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे कॅन्सर होतो. या विषाणूचे प्रकार पुष्कळ आहेत. जगभरात अशा 100 कॅन्सरपैकी सुमारे 70 हे 16 आणि 18 नंबरच्या दोन प्रकारांमुळे होतात.

आता विषाणूच्या आत काय असतं ते बघू. त्यात डीएनएची एक बारीक गोल बांगडी असते. तिच्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत सुमारे 8,000 अक्षरांचा मजकूर असतो. त्या मजकुराचे वेगवेगळे भाग म्हणजे जनुकं. काही जनुकं पेशी बिघडवतात. एल-1 नावाचं जनुक मात्र फक्त विषाणूचं वरचं कवच बनवतं. लसीसाठी हवं असतं तेवढंच. घरात शिरलेल्या चोराचा नुसता अंगरखा आपल्या राखणदाराला दाखवून ठेवायचा, म्हणजे चोर आला की तो लगेच ओळखेल, असं हे काम आहे.

ते एक जनुक वेगळं कसं काढतात? ज्या बायका शिवणकाम करतात त्यांना हे पटकन कळेल. जिवाणूंमध्येही डीएनएच्या छोट्या बांगड्या असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. जिवाणू वाढला की त्याच्यासोबत बांगडीच्याही नकला होतात. आपण या बांगडीत हवं ते जनुक जोडलं, तर त्याच्याही लाखो नकला मिळतात. कापायला एन्झाइमच्या कात्र्या असतात. प्रत्येक कात्री ठरावीक अक्षरं आली की तिथेच कापते. एकीचं नाव इको-आर-वन. ती जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की कापते. बांगडी आणि जनुक दोन्ही त्याच कात्रीने कापले की त्यांची टोकं एकमेकांना जुळतात. मग लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम टाका घालतं. 1973 साली अमेरिकेत बॉयर आणि कोहेन या शास्त्रज्ञांनी असे जोडलेले तुकडे जिवाणूत वाढवून दाखवले. पुढे 1983 साली जर्मनीत झुर हाउझेन यांच्या गटाने कॅन्सरच्या गाठीतून 16 नंबरच्या एचपीव्हीचा डीएनए असाच वेगळा काढला. झुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं.

आता खरं महत्त्वाचं. टाका घातला म्हणजे काम झालं असं नाही. पुष्कळ बांगड्या तुकडा न घेताच पुन्हा बंद होतात. काहींत तुकडा उलटा बसतो. काहींत एखादं अक्षर बदललेलं असतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून एकामागून एक तपासण्या होतात.

पहिली तपासणी वाढीची. बांगडीवर एक औषध पचवायची ताकद देणारं जनुक आधीच असतं. जिवाणू ज्या जेलीवर वाढवतात, तिच्यात तेच औषध मिसळतात. ज्यांच्यात बांगडीच नाही ते जिवाणू मरतात. पण रिकामी बांगडी घेतलेलेही जगतात, म्हणून एवढ्यावर विसंबत नाहीत. काही बांगड्यांत रंगाची सोय असते. बांगडी रिकामी असेल तर जिवाणूंचा ठिपका निळा होतो, तुकडा बसला असेल तर पांढरा राहतो.

दुसरी तपासणी मापाची. समजा बांगडी 2,700 अक्षरांची आहे आणि एल-1 जनुक सुमारे 1,500 अक्षरांचं. पांढऱ्या ठिपक्यातली बांगडी काढून पुन्हा कापतात आणि जेलीत ठेवून वीज सोडतात. ही जेली समुद्री शेवाळापासून बनते, आपल्या चायना ग्रासच्या जातीची. लहान तुकडे लांब पळतात, मोठे मागे राहतात. शेजारी माहीत असलेल्या मापांचे तुकडे पळवलेले असतात, आपल्या मोजपट्टीसारखे. 2,700 आणि 1,500 अशा दोन रेघा दिसल्या तर तुकडा आत आहे. 2,700 ची एकच रेघ दिसली तर बांगडी रिकामी. तुकडा उलटा तर बसला नाही ना, हे बघायला त्याला एका टोकाजवळ कापणारी वेगळी कात्री वापरतात. सुलट आणि उलट बसलेल्या तुकड्यांची मापं मग वेगवेगळी येतात.

तिसरी तपासणी वाचनाची. मापात बसलं तरी आतली अक्षरं बरोबर आहेत का? एक काना वाढला की 'सासर'चं 'सासरा' होतं, तसं इथेही एका अक्षराने अर्थ बदलू शकतो. म्हणून जनुकाचं एकेक अक्षर यंत्राने वाचून मूळ मजकुराशी ताडून बघतात. आपण गटाच्या वहीतली नोंद बँकेच्या पासबुकाशी लावून बघतो तसंच.

हे जनुक मग यीस्टमध्ये घालतात. यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या जातीची बुरशी. ती एल-1 चं प्रथिन बनवते आणि त्या प्रथिनाचे 360 तुकडे आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा तयार होतो. असे गोळे बनतात हे ऑस्ट्रेलियात जियान झोउ आणि इयन फ्रेझर यांनी 1991 साली दाखवलं. गोळा आतून रिकामा असतो, त्यातून विषाणू तयार व्हायची सोयच नसते. म्हणून या लसीने एचपीव्हीची लागण होत नाही, कॅन्सर होत नाही आणि पुढे मूल होण्यालाही बाधा येत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या लसीला 2022 साली भारतात परवानगी मिळाली. तीही यीस्टमध्येच बनते.

लस टोचल्यावर दंड दुखणं, बारीक ताप, कधी चक्कर येणं होऊ शकतं. म्हणून मुलीला नाश्ता करून न्या आणि टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसवा. आधीच्या लसीने जोराची ॲलर्जी आली असेल किंवा यीस्टची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदरपणात ही लस देत नाहीत. विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे 9 ते 14 या वयात ती सगळ्यात चांगलं काम करते. कुठे मिळेल आणि किती डोस, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

आणि आयांनो, लस आधीच झालेली लागण बरी करत नाही. आपल्यासाठी तपासणी आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होते. 2009 साली त्याचा निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने तपासणी करून घ्यावी. शरीरसंबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर थांबूच नका.

या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांच्या नोंदीसोबत अजून दोन रकाने आखा: कोणाच्या मुलीची लस राहिली आणि कोणाची तपासणी राहिली. नावं लिहा आणि आरोग्य केंद्रात जायचा दिवस त्याच बैठकीत ठरवा. एकटीला संकोच वाटतो, चौघी मिळून गेलं की वाटत नाही.