‘तारीख आठवते का?’

आयसीटीसीत, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, खुर्चीवर बसता बसताच लोक विचारतात, "रिपोर्ट आजच मिळेल ना?" आम्ही समुपदेशक मात्र आधी तारीख विचारतो. धोक्याचा संबंध आला त्या दिवसाची.

एक तरुण मुलगा आला तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तीन खासगी लॅबचे रिपोर्ट घेऊन. तिन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. "मॅडम, सुटलो ना मी?" तारीख विचारली, तर जेमतेम चार दिवस झालेले. रिपोर्टांत खोट नव्हती, पण त्या रात्रीबद्दल ते काहीच सांगत नव्हते. रॅपिड चाचणीत सहसा दिसतात त्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडीज, आणि त्या दिसण्याजोग्या व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. हाच विंडो पीरियड. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी-२४ अँटिजेनही पकडते, म्हणून ४५ दिवसांनी तिच्यावर भरवसा ठेवता येतो. थेट विषाणू शोधणारी नॅट चाचणी आणखी लवकर, १० ते ३३ दिवसांत लागण पकडते, पण ती महाग आणि सगळीकडे होत नाही.

मला आजही राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू केली तर २८ दिवसांच्या पेप औषधांनी लागण टळण्याची चांगली शक्यता असते. जितक्या लवकर, तितकं बरं. त्या मुलाचे ते तास लॅबच्या चकरांत गेले. तिन्ही ठिकाणी पैसे घेतले, तारीख कुणीच विचारली नाही.

आत टेबलावर काय चालतं, हे बाहेरच्या बाकड्यावरून दिसत नाही. किटवर थेंब टाकला की तंत्रज्ञ आधी कंट्रोलची रेघ उमटली का ते बघतो. ती नसेल तर चाचणी बाद, किट नवं. पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी आम्ही कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही. वेगवेगळ्या तीन किटवर तेच आलं, तरच म्हणतो. त्याला वेळ लागतो, आणि मागून आलेल्याचा कागद आधी निघाला की बाकड्यावरचा माणूस कासावीस होतो. अशा वेळी आपल्या चेहऱ्यावर काही उमटू न देणं हे या नोकरीतलं सगळ्यात जड काम.

आणखी एक जण सांगत होता, "रक्तदान शिबिरात रक्त दिलं की चाचणी फुकटात होते." असं करू नका हो! विंडो पीरियडमधलं रक्त चाचणीतून निसटलं, तर ते एखाद्या रुग्णाच्या अंगात जातं. आमच्याकडेही चाचणी मोफतच आहे, आणि २०१७ च्या कायद्याने ती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

त्या मुलाला मी पुढच्या दोन तारखा लिहून दिल्या; तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही, हे बजावलं. तो दोन्ही तारखांना आला. तीन महिने उलटल्यावरचा कागदही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता निर्धास्त राहा."

पेप घेतलं असेल, तर विंडो पीरियडचे दिवस औषधं संपल्यापासून मोजा. आणि ७२ तास उलटले नसतील, तर लॅब शोधत बसू नका. तडक सरकारी रुग्णालय गाठा किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.