जुन्या कार्डावरचा कपॅसिटर

देवपूरच्या एखाद्या लॅबमध्ये जुन्या उपकरणाचा पीसी सुरूच होत नसेल, तर भंगारात काढण्याआधी त्यातलं आयएसए कार्ड काढून बघा. उपकरण त्या कार्डावरच चालतं. कार्डाविना पीसी चालला, तर संशय १२ व्होल्टच्या लाइनवरच्या टँटलम कपॅसिटरवर. तो बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, आणि पॉवर सप्लाय स्वतःला बंद करतो. मल्टिमीटरने १२ व्होल्ट-ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याजवळ असेल तर त्या लाइनवरचे कपॅसिटर एकेक सुटे करून तपासा. जुना १६ व्होल्टचा असेल तर नवा २५चा घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच. खरी गोम पट्ट्यात आहे: टँटलमवर पट्टा धन टोकाला, ॲल्युमिनियमवाल्यावर ऋण टोकाला! उलटा लागलेला टँटलम पेटूही शकतो. कार्ड चाललं तरी कॅलिब्रेशन तपासल्याशिवाय प्रबंधासाठी रीडिंग घेऊ नका.