हार्ट फेल्युअरचा रुग्ण आणि ऊसतोडीचा हंगाम

हृदयाचा स्नायू दुबळा किंवा ताठर झाल्यामुळे शरीराला पुरेल इतके रक्त पुढे ढकलले जात नाही, त्या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. रक्त मागे तुंबते, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, थोडे चालताच धाप लागते, रात्री उशाशी दोन उशा घ्याव्या लागतात आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी तिथला खळगा काही क्षण तसाच राहतो.

हा आजार बहुधा कायमचा असतो. मात्र औषधे नियमित घेणारा रुग्ण अनेक वर्षे बऱ्यापैकी जगू शकतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांपैकी जवळपास ४५ टक्के तीन वर्षांत दगावले, यावरून त्याचे गांभीर्य कळते. उलट, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील सेंट लुइसच्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या २८२ रुग्णांपैकी ज्यांना परिचारिकेच्या पुढाकाराने आहाराची शिकवण, औषधांचा आढावा आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा मिळाला, त्यांचे याच आजारासाठी पुन्हा दाखल होणे ५६ टक्क्यांनी घटले. औषध ठरवणारा डॉक्टर, ते समजावून देणारी परिचारिका, मात्रा तपासणारा औषधनिर्माता, आहारतज्ज्ञ आणि घरचे माणूस या सर्वांनी मिळून घेतलेली काळजी म्हणजे संघाधारित उपचार.

बीड जिल्ह्यात या संघाची कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निदान होऊ शकते, गावात आशा कार्यकर्तीही असते. परंतु मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले जोडपे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर गेले की पुढचे कित्येक महिने या दोन्हींपैकी काहीच त्यांच्याजवळ नसते. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वजनकाटा नसतो, भाकरीसोबत ठेचा आणि लोणचे असते, आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि थकलेल्या हृदयाला हे विशेष घातक ठरते. इतके सांगण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही, आशाताई ते सांगू शकतात. म्हणूनच त्यांना या संघात दुय्यम मानणे ही मोठी चूक आहे.

दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे ही पाणी साठत असल्याची खूण असते, आणि त्याच वेळी डॉक्टरांशी बोलून लघवीच्या गोळीची मात्रा बदलली तर रुग्णालयात दाखल होणे पुष्कळदा टळते. त्यासाठी रुग्णाबरोबर निदान, औषधांची नावे व मात्रा, सूज उतरल्यानंतरचे वजन आणि एक चालू फोन नंबर लिहिलेला कागद असायला हवा, शिवाय हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या. घरात असा रुग्ण असेल तर फडावर निघण्यापूर्वी तो कागद डॉक्टरांकडून मागून घ्यावा, आणि गोळ्या संपण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.