नऊ हजार रुपये रोज

व्हेंटिलेटरवरच्या एका दिवसाचा सरकारी दर महाराष्ट्रात ठरलेला होता: ९,००० रुपये. करोनाकाळात, मे २०२०मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांना तो बांधून दिला. व्हेंटिलेटरविना आयसीयूचे ७,५००, साध्या वॉर्डाचे ४,०००. पुढच्या वर्षी गावाशहरांचे वर्ग पाडले, तेव्हा 'क' वर्गातल्या भागांसाठी व्हेंटिलेटरचा दिवस ५,४०० रुपयांवर आला. नेहमीच्या, बिनकरोनाच्या दिवसांत रुग्णालयं आपापला दर लावतात. त्यामुळे तुलनेसाठी इथे हाच अधिकृत आकडा धरला आहे.

२०२३-२४मध्ये राज्याचं दरडोई उत्पन्न २,७८,६८१ रुपये होतं, म्हणजे दिवसाला सुमारे ७६३. ९,०००च्या जुन्या दराने धरलं तरी व्हेंटिलेटरचा एक दिवस सरासरी माणसाची बारा दिवसांची कमाई खातो. पंधरा दिवसांचे होतात १,३५,०००, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची कमाई. त्यात महागडी औषधं, सीटी-एमआरआय आणि पीपीई किट धरलेलं नव्हतं, ते वेगळं.

सरकारी दरांच्या त्या तक्त्यात एक गंमत आहे (गंमत हा शब्द इथे जड जातो, पण असो). व्हेंटिलेटर लावल्याने दिवसाचा दर वाढतो फक्त १,५०० रुपयांनी. नातेवाइकांना धास्ती त्या यंत्राची असते, बिल मात्र फुगतं 'मेडिकल'च्या काउंटरवर. २०१७मध्ये गुरुग्राममधल्या एका खासगी रुग्णालयात डेंग्यूने सात वर्षांची मुलगी गेली आणि सुमारे १६ लाखांचं बिल देशभर गाजलं. त्यात ६६० सिरिंज आणि २,७०० हातमोजे होते. त्यानंतर औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. फेब्रुवारी २०१८च्या त्या अहवालात नफ्याचं प्रमाण काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत निघालं. आणि हे सगळं छापील किमतीच्या आत. मोठ्या खरेदीदारासाठी उत्पादक छापील किंमतच चढी ठेवतो, रुग्णालय त्या किमतीला विकतं, कायदा कुठेच मोडत नाही.

हा पैसा येतो कुठून? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता, खासगीत ३१,८४५. या सरासरीत तीन दिवसांचा ताप आणि शेवटचे तीन आठवडे एकत्र मोजलेले आहेत, त्यामुळे मरणाऱ्या माणसाचं बिल तीत दिसत नाही. ग्रामीण भागात सुमारे ८० टक्के खर्च मिळकतीतून आणि बचतीतून झाला, १३ टक्के कर्जातून. विम्याचं वा सरकारी योजनेचं संरक्षण तेव्हा खेड्यांत १४ टक्के लोकांनाच होतं. पुढे चित्र बदललं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर उतरला. तरीही त्या वर्षी शंभरातले एकोणचाळीस रुपये घरातूनच गेले.

आता नैतिकतेचा प्रश्न. 'वाचणार नाही हे माहीत असून मीटर चालू ठेवला' हा आरोप अनेक कुटुंबांत ऐकू येतो. या आरोपापुढे एक आकडा ठेवायला हवा. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, सुमारे पाव खर्च आयुष्याच्या शेवटच्या वर्षात होतो, हे वर्षानुवर्षं उधळपट्टीचा पुरावा म्हणून सांगितलं गेलं. २०१८मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एमी फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी गणित उलट्या बाजूने मांडलं: ज्यांच्या मृत्यूची शक्यता आधीच निम्म्याहून जास्त दिसत होती, त्यांच्यावर किती खर्च झाला? उत्तर आलं, पाच टक्क्यांहूनही कमी. शेवटचं वर्ष शेवटचं होतं हे कळतं ते नंतर. 'बहात्तर तास जाऊ द्या' म्हणणारा डॉक्टर लबाडच असतो असं मानायला म्हणूनच मी तयार नाही.

पण ही शंका कायम राहत नाही. कधीतरी ती फिटते. मेंदूचं, मूत्रपिंडाचं, रक्तदाबाचं उत्तर एकच येऊ लागतं. माझं म्हणणं त्या दिवसापुरतं आहे. त्या दिवशी घरच्यांना समोर बसवून तासभर बोलणं, हे डॉक्टरचं सर्वांत कठीण काम. बिलात त्याला ओळच नाही. डायलिसिसला आहे, रोजच्या एक्स-रेला आहे, फिजिओथेरपीला आहे.

मग निर्णय होतो तो पैसे संपल्यावर. 'आता घरी न्या,' असं डॉक्टर हळूच सांगतात आणि नातेवाईक 'डामा'च्या कागदावर सही करतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. सल्ला डॉक्टरांचा असतो आणि जबाबदारी मुलाची. रुग्णालयाच्या नोंदीत तो मृत्यूही धरला जात नाही. वेदनाशामक औषध, ऑक्सिजन, फोनवर कुणी बोलणारं, यांतलं काहीही त्या कागदाबरोबर घरी जाईलच असं नाही.

कायदेशीर वाट आहे. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. पण अट इतकी अवघड, की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी. २४ जानेवारी २०२३ला ती सुटली; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे झाले. उपचार थांबवायला तीन डॉक्टरांचं एक मंडळ आणि तिघांचंच दुसरं, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. इच्छापत्रं सांभाळणारे अधिकारी नेमावेत यासाठी डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे महाराष्ट्रात चारशेहून अधिक अभिरक्षक नेमल्याचं शासनाने सांगितलं. गोव्यात २०२४मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. दोन मंडळं बसेपर्यंतचे चार दिवस धरले, तर जुन्या दराने ३६,००० रुपये. ते कोणी भरायचे, याचं उत्तर निकालात नाही.

दुसरी वाट वेदनाशमनाची. जगात ज्यांना तिची गरज आहे त्यांपैकी १४ टक्क्यांनाच ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना पैसे न घेता सांभाळतं. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं ५० खाटांचं केंद्र १९९७पासून चालतं, तेही मोफत. दोन्ही उभी आहेत दानावर. केरळने २००८मध्येच धोरण करून हे काम पंचायतींपर्यंत नेलं.

विम्याचा हिशेब मात्र अजून खाटेशी बांधलेला आहे. 'आरोग्य संजीवनी' ही सर्व कंपन्यांची प्रमाणित पॉलिसी घ्या: आयसीयूला विमा रकमेच्या ५ टक्के, कमाल १०,००० रुपये रोज. पण दाव्यासाठी सहसा सलग २४ तास दाखल असावं लागतं. घरी येऊन ड्रेसिंग करणारी नर्स आणि मॉर्फिनची गोळी त्या व्याख्येत सहसा बसत नाहीत, म्हणून त्यांचा खर्च खिशातून.